चोथा

सावद्यात पावणेसहाला उठते मी,
सहाला लाइट जाते म्हणून.
तेवढ्या वेळात गाजर, बीट, दोन मोसंबी,
बोटाच्या पेराएवढं आलं.
यंत्र आधी गुरगुरतं, मग ओरडतं,
आणि कोकिळावहिनी भिंतीपलीकडून विचारतात,
"झाला का रस?"
गल्लीला आता दुसरं घड्याळ लागत नाही.

यांचा जबडा तारेने बांधलाय.
फैजपूरच्या वळणावर कुत्रं आडवं आलं,
मग मोटरसायकल आडवी झाली.
दवाखान्याच्या कागदावर: लीलाधर नथ्थू भिरूड,
दीड महिना दात उघडायचे नाहीत.
पातळ द्या, ताजं द्या, म्हणाले डॉक्टर.
जळगावहून भाच्याने यंत्र पाठवलं,
सोबत पुस्तिका, तिच्यात हसरी बाई,
ओटा पांढरा, हातावर डाग नाही.
माझे तळवे बिटाने लाल,
हळदीकुंकवाला गेले तर बायका म्हणतात,
मेंदी कुठून आणली?

पहिल्या दिवशी मी केळं घातलं होतं.
घरात दुसरं होतं काय?
ज्या माणसाने तीस वर्षं घड मोजले,
वॅगनी भरल्या, ट्रकवाल्यांशी भांडला,
त्याला केळ्याचा रस द्यावा म्हटलं.
तोटीतून थेंब नाही.
जाळीला बसलेला चिखल चमच्याने खरवडताना
या वयात कळलं,
केळ्याला रस नसतो.
ते नुसतं मऊ होत जातं.
हे खाटेवरून बघत होते.
हसू आलं यांना, मग दुखलं,
मग डोळ्यांत पाणी.
कशाचं, ते विचारलं नाही मी.

बोलता येत नाही म्हणून लिहितात,
जुन्या वजनपावत्यांच्या पाठीवर.
पुढे: घड दोनशे बारा, दांडा वजा.
मागे: मीठ कमी.
पुढे: गाडी रात्री गेली, बाकी येणे.
मागे: आज बीट नको.
एकदा नुसतं: भरीत.
खाली दोन रेघा.

त्या दिवशी घरात वांगं भाजलं नाही,
वास गेला असता खाटेपर्यंत.
लाइटही साडेपाचलाच गेलेली.
दुधीची चकती आधी जिभेला लावून बघितली,
कडू दुधीचा भरवसा नाही,
मग किसला, पंच्यात बांधून पिळला.
मनगट भरून आलं.
अशा वेळी माणसाला काय काय आठवतं म्हणतात.
मला काही आठवलं नाही,
दुधी होता आणि पंचा होता.

चोथ्याचं कोणी विचारत नाही.
पुस्तिकेतही नाही.
पेलाभर रसामागे ताटभर उरतो.
पहिला आठवडा वहिनींच्या म्हशीला घातला,
म्हशीने नंतर तोंड फिरवलं.
मग कळण्याच्या पिठात मळला,
लसूण, तिखट, ओवा,
थापून तव्यावर टाकला.
रस यांना, चोथा मला,
असं कुणी ठरवलं नव्हतं,
यंत्रालाच दोन तोंडं होती.
खरं सांगते, बरी लागते ती भाकरी.
चावायला भरपूर असतं.
म्हणूनच मी पाठ करून खायची.

गुरुवारी भुसावळला तार काढली.
मी बामणोदची हिरवी वांगी आणून ठेवलेली,
अंगणात पऱ्हाटी रचलेली,
काडेपेटीसुद्धा बाहेर.
हे आले ते सरळ ओट्यापाशी.
झाकण उचललं, माझी भाकरी मोडली,
लालसर, कडेला जरा करपलेली.
एक घास. तोंडात बराच वेळ घोळवला,
जबडा नवी वाट शिकल्यासारखा चालत होता.
"मीठ कमी," म्हणाले.
आवाज गंजलेल्या कडीसारखा.
मग भाकरीकडे बघत,
"हे खात होती का तू? दीड महिना?"
मी पऱ्हाटी पेटवायला अंगणात गेले.

यंत्र धुऊन पालथं घातलंय.
आज तरीही पावणेसहाला जाग आली.
सहाला लाइट गेली.
भिंतीपलीकडे कोकिळावहिनी
एकदा खाकरल्या,
मग पुन्हा एकदा.