तिसरं घर

मोसम सरता सरता बाजा मुका झाला.
जिनिंगमध्ये दिवसभर रुई उडते,
भुवयांवर, चहात, शर्टाच्या खिशात.
खिशात बाजा.
तिसऱ्या घरात एक तंतू जाऊन बसला
आणि नी बंद पडली.

आचलनं शिलाई मशीनच्या डब्यातून
बारका पेचकस काढून दिला.
ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं.
बावीस वर्षं ओठांना लावलेली वस्तू
आतून कधी पाहिली नव्हती.

दहा घरं. दर घरात पितळेच्या दोन पाती,
एक फुंकलं की बोलणारी,
एक ओढलं की.
तिसऱ्यात वर प, खाली नी.
आणि ध?
खालच्या सप्तकात ध नाहीच.
कारखान्यानं ठेवलेलाच नाही.
"मंग तुमी वाजवता तो?" आचल म्हणाली.

तो मला पुनाजी मडावीनं दिला होता,
वजनकाट्यावर, कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या असताना.
मी जोरानं ओढायचो, नी नुसती किंचाळायची.
"ओढू नोको ना बे, पात मोडंन.
गरम पातोडी तोंडात आली,
गिळता येत नाही, थुकता येत नाही,
तवा जीभ कुठं जाते? तिथं ठेव."
दोन महिने जीभ जागा शोधत राहिली.
मग एका रात्री नी ढिली पडली,
कोमल झाली, आणखी खाली आली,
ध.
मला वाटलं, मी पितळ वाकवलं.

आचलनं खराट्याची काडी मोडून घेतली.
"वाजवा," म्हणाली,
आणि वरच्या फटीतून प च्या पातीवर टेकवली.
मी नी ओढली. स्वच्छ.
जीभ मागं नेली.
नी तिथंच. हटेना.
काडी उचलली, ध उतरला.
टेकवली, गेला.
आम्ही हे इतक्यांदा केलं
की शेजारची गंगू येऊन विचारून गेली, बरं आहे ना.

म्हणजे वाकत काहीच नव्हतं.
नी थोडी थोडी गप्प होत जायची
आणि वरची पात, जिला कोणी विचारलं नव्हतं,
उलट्या वाऱ्यावर बोलू लागायची,
आपल्या सुरापेक्षा जरा वर.
त्या दोघींच्या मधल्या जागेत ध.
प पर्यंत मात्र पोचत नाही,
एक पायरी आधी थांबतो.
मी रेटून पाहिलंय, पुष्कळदा.

हे पुनाजीला सांगायला पाहिजे होतं.
"पाती मोजत बसला काय रे," म्हणाला असता.
त्याच्या काट्यावर आता कॉम्प्युटर आहे,
बसणारा पोरगा मान वर करत नाही.

झाकण लावताना एक स्क्रू सापडेना.
वर्तमानपत्र झटकलं, ओटा झाडला.
आता नी ओढली की पत्रा झणझणतो,
जीभ मागं नेली की थांबतो.
काडी आचलनं कंपासपेटीत ठेवली.
चौथं घर उद्या, म्हणाली,
शाळेतून आल्यावर.