पाच भाग साल

आईचं घर रिकामं करताना जसिंतो म्हणाला,
झाडं टाकून दे, कुणाला एवढा वेळ आहे.
मी चौदा कुंड्या गाडीत भरल्या.
सर्वांत मोठीला सीटबेल्ट लावला.
आमच्याकडे तिला आदामाची बरगडी म्हणतात.
भोकाभोकांची पानं तिची,
प्रत्येक वळणावर माझ्या खांद्याला धरत आली
व्हिएरापासून थेट लैरियापर्यंत.

आता गच्चीत वर्तमानपत्रं पसरून बसलेय.
साल रात्रभर बादलीत भिजत होती,
पाणी कोऱ्या चहासारखं.
समुद्रकाठच्या पाइनची साल ही,
लाकूडकारखान्यामागे ढीग असतो.
तिथला एउसेबियो पैसे घेत नाही. म्हणतो,
तुझ्या बापानं जन्मभर याच झाडांना चरे पाडले,
तू निदान साल ने.
दोन चाळण्यांनी चाळली.
भुगा नको, ढलप्या नकोत,
मला हवी मधली, करंगळीच्या नखाएवढी.

पाच भाग साल,
एक भाग पर्लाइट,
एक भाग चुलीतला कोळसा, ठेचून,
मूठभर कुजका पाला.
माती नाही.
आईला हे पटलं नसतं. तिच्या मते
जगात माती नसलेली एकच जागा, समुद्र,
आणि तिथे तिचे दोन काका राहिले.

कुंडी आडवी केली, बुडावर थापट्या दिल्या,
ढेकर यावी म्हणून बाळाच्या पाठीवर देतात तशा.
हलली नाही. कडेनं सुरी फिरवली.
मग सगळंच निघालं एकदम,
कुंडीच्याच आकाराचं,
वीस सालं एका जागी गोल गोल फिरलेल्या मुळांचं गाठोडं.
आत दुकानातली काळी माती,
चिखल झालेली, आंबूस.
मधली मुळं केव्हाच गेली होती.
तरी वर पानं इतकी हिरवी कशी,
हे मी रविवारी आईकडे बघतानाही
स्वतःला विचारते.

बोटांनी सोडवत गेले, गुंता विंचरावा तसं.
मऊ लागेल ते तोडायचं.
टणक ते ठेवायचं.
शंका आली तर नखानं दाबून बघायचं.
अर्ध्याच्या वर तोडावं लागलं.

बुडाशी खापर निघालं,
भोक बुजू नये म्हणून ठेवतात तसलं.
पुसलं तर आतून पिवळं, अजून चिकट:
राळेच्या वाटीचा तुकडा.
बाबा अशा दोनशे वाट्या रिकाम्या करायचे रानात.
झाडाला खाच, खाचेखाली वाटी.
संध्याकाळी हाताला ऑलिव्हचं तेल चोळल्याशिवाय
त्यांना घरात पाऊल टाकायची सोय नव्हती.
आई अभिमानानं सांगायची,
रानातलं काही मी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही,
काडीसुद्धा नाही.

खापर परत भोकावर ठेवलं.
वर साल. मुळांच्या बेचक्यांतून साल,
आईच्याच विणायच्या सुईनं ढोसत,
मधूनमधून कुंडी आपटत.
पाणी घातलं तर थांबेना,
आलं तसं गेलं.
मी घाबरून पुन्हा घातलं.
पुन्हा गेलं.
असंच जायला हवं म्हणतात,
मुळांना ओलीइतकीच हवा लागते.
मला सवय व्हायची आहे.

रविवारी एक लहान कुंडी वृद्धाश्रमात नेली.
संत जॉर्जची तलवार;
काही जण सासूची जीभ म्हणतात, आई नाही म्हणत.
तिनं लगेच बोट खुपसलं.
"ही माती नाही."
"नाही. साल आहे."
तिनं बोट हुंगलं. बराच वेळ हुंगलं.
मग दाराकडे बघून, जरा चिडूनच,
"आधी तेल लाव," म्हणाली, "मग बस जेवायला."

दारात गिल्यर्मिना उभी होती, औषधांचा ट्रे घेऊन.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी काही बोलले नाही.
तिनं ट्रे खाली ठेवला
आणि हातावर हात चोळले,
सावकाश,
कोपरापर्यंत.