शिवणघोड्याची मान

मार्चअखेर. मेपलच्या बुंध्यांना बादल्या टांगलेल्या,
आणि इकडे दुकानात बापाने
अ‍ॅशची फळी दोन खुर्च्यांवर आडवी टाकली.
"बस," म्हणाला. बसले.
त्याने माझ्या मांडीलगत पेन्सिलीची रेघ मारली,
फळीपासून कोपरापर्यंत सुतळी धरली,
गाठ बांधली.
माझं माप इतक्या गंभीरपणे
झग्यासाठीसुद्धा कुणी घेतलं नव्हतं.

घोडा करायचा होता, चामडं शिवायचा.
दाणावैरण नको, नाल नको.
पाठीवर बसवून घेतो आणि कुठेच नेत नाही.
पुढे उभी मान, मानेला दोन जबडे,
जबड्यात वादी धरायची.
पायाखालची पट्टी दाबली की जबडे मिटतात,
हात मोकळे राहतात दोन सुयांना.

एक घोडा आहेच आमच्याकडे,
बापाने लग्नाच्या वर्षी केलेला.
त्याची मान डावीकडे कललेली,
उजव्या हाताने आरी मारणाऱ्यासाठी.
मी त्यावर अकरा वर्षं बसले,
कंबर पिळून, ओली चादर पिळतात तशी.
शाळेत आयव्हाबाईंनी पट्टी मारमारून
माझा डावा हात उजवा केला होता,
पण लिहिण्यापुरता.
आरीपर्यंत त्यांची पट्टी पोचली नाही.

फेब्रुवारीत एनॉस गिंगरिच जुना साज घेऊन आला.
चौतीस वर्षांचा. तंगाची वादी तुटलेली.
बाप तो खिडकीशी घेऊन गेला,
चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
मग माझा कालचा पट्टा शेजारी धरला.
दोन्हीकडचे टाके एकाच अंगाला झुकलेले,
वाऱ्यातल्या ओटसारखे.
त्याचे टाके कधीच तिकडे झुकत नाहीत.
"हे मी शिवलेलं नाही."
"खूण तुझीच आहे, ओझाया. बकलापाशी बघ."

त्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला होता.
सहा आठवडे अंथरूण, आणि तरी
एकही साज उशिरा गेला नाही.
चुलतभाऊ नोआ रात्री येऊन शिवून जातो,
असं सगळ्यांनी धरून चाललं.
बापाने त्याला आभाराचं अख्खं हॅम पाठवलं.
नोआने ते मुकाट्याने खाल्लं.

आई चमचा उजव्या हातात धरायची.
चारचौघांत.
तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

वरातीमागून घोडं, म्हणा हवं तर.
जबडे मेपलचे, पाय ओकचे.
पटाशी मी धरायची, मोगरी त्याने मारायची,
दोन फटक्यांनंतर अदलाबदल केली,
कारण त्याचा हात आता थरथरतो
आणि बोटं माझी होती.
कुसू पहिल्यांदा सैल झालं. शिव्या आम्ही देत नाही,
तो नुसता "हं" म्हणाला, तेवढ्यात सगळं आलं.
मग पायपट्टी अडकायला लागली.
घोडं कुठे पेंड खातंय, दोन दिवस सापडेना.
शेवटी निघाली लाकडाची एक ढलपी,
भोकात वाकून बसलेली, नखाएवढी.

मानेचा कोन किती ठेवायचा, मी विचारलं.
तो जुन्या घोड्यापाशी गेला,
सरकता गुण्या त्याच्या मानेला लावला,
स्क्रू घट्ट पिळला,
आणि परत येताना, चालता चालता,
गुण्या हातातल्या हातात पालथा केला.

शनिवारी मी पहिली वादी शिवली.
पाठ सरळ.
इतकी सरळ, की थोडं ओशाळल्यासारखं झालं.

संध्याकाळी कंदील आणायला गेले
तर बाप जुन्या घोड्यावर बसलेला, कंबर पिळून,
आरी डाव्या हातात,
जबड्यात काही नाही.
असं बसून दिसतं किती, पोचतं कुठवर,
ते बघत होता बहुतेक.
मला बघून म्हणाला, "सेलिंडा, बादल्या भरल्या असतील."

भरल्या नव्हत्या.
मी तरी प्रत्येक झाडापाशी थांबले.