वस्ताद पाला खात नाही

कपिलतीर्थ मंडईतनं आणलेला पोकळा,
शेवग्याचा कोवळा पाला, जास्वंदीच्या दोन पाकळ्या,
धुऊन, चिरून
बशी पुढं सरकवते.
जातीचा बिअर्डेड ड्रॅगन, नावाचा वस्ताद
बघतसुद्धा नाही.
दिव्याच्या उबेला दाढी फुगवून बसलाय,
हौद्यात उतरायच्या आधी
पैलवान बसतो तसा.
अळी दिसू दे फक्त,
जीभ आधी, सरडा मागनं.

"मटणाच्या घरातलं जनावर," आबा म्हणतात,
"पाला कशाला खातंय?"
स्वतःच्या ताटातली मेथी
त्यांनी भाकरीखाली दडपलीय.
डॉक्टरांनी रस्सा तोडल्यापास्नं
घरात दोघं रुसलेत.

रातकिडा पानात गुंडाळून दिला.
किडा गेला, पान परत आलं.

मग एका दुपारी आबांनी चिमटा मागितला.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर
सुताचा फरक न पडू दिलेला हात
दोन वर्षं झाली, थांबतच नाही.
चहा हिंदकळतो. सही वाकडी जाते.
शर्टाची बटणं मी लावते.
त्या हातात शेवग्याची डहाळी
थरथरली, लवलवली,
किड्यागत जिवंत झाली.
वस्तादानं मान कलती केली.
एक डोळा रोखला.
झडप!

आबा काही बोलले नाहीत.
दुसरी डहाळी उचलली.

दुसऱ्या दिवशी मी चिमटा धरला
तर म्हणाले, "दे हिकडं.
तुझा हात लई थिर हाय,
तुला न्हाई जमायचं."

भाकरीखालची मेथी
अजून तिथंच आहे.