शेजारी

तिमोफेय तार्तूला परत गेला. जाताना म्हणाला,
"बाबुश्का, आता तुझी तूच कर. फार तर बिघडेल."
फार तर!
पाळी संपायला दहा मिनिटं असताना
बंद पडलेला माग त्याने कुठे पाहिलाय?

टेबलावर त्याच्या हातचे तीन कागद,
पेनड्राइव्ह, चहा, चष्मा.
नार्वाच्या गिरणीत एकतीस वर्षं मी धागे जोडले;
तुटलेलं टोक आधी बोटांना कळायचं, डोळ्यांना मागाहून.
त्याच बोटांनी एफ-बारा दाबते.
उशीर.
जुनी सिस्टिम रशियनमध्ये या बसा म्हणते.
पुन्हा बंद, पुन्हा चालू,
एफ-बारा, एफ-बारा, एफ-बारा,
घरात माणूस आहे हे ठाऊक असलेल्या पोस्टमनसारखी.

चौथ्या खेपेला दार उघडलं.

पहिलाच प्रश्न: भाषा कोणती?
यादीत दोन्ही होत्या.
चहा गार होईस्तोवर बसून राहिले.
मंगळवारी आणि गुरुवारी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर,
एस्टोनियन शिकते मी, वय वर्षं सदुसष्ट.
सहा विभक्त्यांवर जन्म काढला, इथे चौदा.
भविष्यकाळ मात्र नाही.
हेल्वेबाई म्हणतात, उद्याचं बोलायचं तर आजचंच क्रियापद वापरा.
माझ्या वयाला सोयीची भाषा.
तीच निवडली.

आणि लगेच पस्तावले,
कारण पुढचा प्रश्नही तिच्यातच आला.
दोन ओळी, दोन गोल.
तिमोफेयच्या कागदावर इथे लाल शाईत
फक्त एवढंच: "नीट वाच!!"
खालच्या ओळीत एक शब्द ओळखीचा निघाला, कुस्तुता.
कुठे पाहिला? कुठे बरं?
वाचनालयाच्या संडासात, बटणावर चिकटवलेला:
कुस्तुता तुली, दिवा मालवा.
म्हणजे ही ओळ मालवणारी.
बारा वर्षांचे फोटो, रायसाच्या खारवलेल्या अळंब्यांची कृती,
वीजबिलं, सगळं एका टिचकीत.
हात माउसवरून उचलून मांडीवर ठेवला.

वरच्या ओळीत होतं, कोर्वाले.
हेल्वेबाई मला रोज म्हणतात तेच,
माझ्या कोर्वाले बसा, इथे, शेजारी.

मग एक लांब पट्टी आली, मधे रेघ.
रेघ सरकवा, कुणाला किती ते ठरवा.
आमच्या गावात रेघ कुणी समजावून सांगायला नको.
नदी, पूल, काठांवर दोन किल्ले,
एकमेकांच्या खिडकीत डोकावणारे.
पलीकडे रायसा राहते, माझी सख्खी बहीण.
जुन्याला जास्त दिलं. त्याचा संसार मोठा.
नव्याला चाळीस जीबी; एकटा जीव, पुरेल.

आता चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं येतात
आणि आकडा उतरत जातो. दहा, नऊ, आठ.
काही दाबलं नाही तर नवं आपणहून उघडतं.
मंगळवारी आणि गुरुवारी मी काही दाबत नाही.

एकच खोट राहिली:
नव्यातून जुन्यात गेलं की घड्याळ दोन तास मागे.
फोनवर तिमोफेय हसला. "दोघंही एकच घड्याळ वाचतात गं,
पण एकाने लावलेलं दुसऱ्याला कळत नाही."
हिवाळ्यात रायसा माझ्याहून एक तास पुढे,
हा माझ्याच टेबलावर दोन तास मागे.
तिला फोन करण्याआधी बोटांवर मोजते.

उपाय तिसऱ्या कागदावर आहे.
त्यावर सध्या कपबशी ठेवलीय.