एक वीत, शंभर पावलं

देवळालीच्या छावणीत, तिसऱ्या शेडमध्ये,
माझे काका लढायांना डोंगर पुरवायचे.

रंगनाथ जोर्वेकर, नाशिकच्या कुंभारवाड्यातले.
भाद्रपदात गणपती, एरवी माठ, पणत्या, चुली.
एकेचाळीसच्या उन्हाळ्यात साहेबाने बोलावून विचारलं,
मातीचा देश करता येईल का?
काका म्हणाले, सोंड नसेल तर सोपंच.

दारणेची वाळू मी चाळायचो. नऊ वर्षांचा होतो.
रोजचा एक आणा, आणि काकांच्या बशीत उरलेला चहा.
झाडांना लाकडाचा भुसा, हिरव्या रंगात घोळलेला.
गावांना काडेपेट्या.
रस्त्यांना सुतळी, चुन्यात बुडवलेली.
पाण्याला धुण्याची नीळ.

पहिला आला केरनचा घाट.
लढाई तिकडे संपलेली असायची,
इकडे तिचे कागद यायचे, मग तिचे डोंगर,
मग बाकांवर दाटीने बसलेली पोरं
आणि लांब काठी घेतलेला साहेब.
दर मंगळवारी केरन नव्याने पडायचं.
बुधवारी आम्ही काठीची भोकं बुजवायचो.

काका सांगायचे, उंचीला थोडं खोटं बोलावं लागतं.
खरं माप धरलं तर एवढाले डोंगर
पोळपाटावरच्या पिठासारखे दिसतात,
मग कळत नाही, चढायला इतके आठवडे का लागले.

टोब्रुक काकांना आवडलं नाही. सपाट.
'यात करायचं काय? ओटा सारवल्यासारखं.'
एका रात्री शेडातली मांजर
नेमकी बंदराच्या दक्षिणेला घाण करून गेली.
आम्ही हसलो. साहेब हसला नाही.
त्याचा भाऊ तिथे पकडला गेला होता.

कॅसिनोचा मठ तीनदा कोरला, खडूचा.
आधी अखंड हवा होता, मग मोडलेला,
मग पुन्हा अखंड.

यादव, काकांचा थोरला, मराठा पलटणीत.
पत्रात 'सर्व क्षेम', त्याखाली काळी शाई.
शाईखाली काय आहे ते काकूने
कंदिलासमोर धरून पाहिलं.
काळंच होतं.

पंचेचाळीसच्या पावसाळ्यात सेनियो आली.
तोवर तिकडच्या तोफा गप्प झालेल्या.
दोन्ही काठांना बांध, दुमजली घराएवढे,
बांधांच्या पोटात बिळं, बिळांत मशीनगनी.
हिला माप मोठं घेतलं: एक वीत म्हणजे शंभर पावलं.
काकांनी बांध थापले अंगठ्याच्या पेराएवढे,
मधे नीळ ओतली, भरपूर.
नदी म्हटली की त्यांना आपली गंगाच दिसायची,
रामकुंडावरची, भरलेली.

शेहेचाळीसच्या माघात यादव आला.
डावा गुडघा वळत नव्हता.
रविवारी काकांनी पहारेकऱ्याला विड्यांचं बंडल दिलं
आणि त्याला शेडात नेलं.
गिऱ्हाइकाला गणपती दाखवावा तसं
हळूच फडकं बाजूला केलं.

तो बराच वेळ उभा राहिला.
मग म्हणाला, 'पलीकडचा बांध याहून उभा होता.'
ओली माती घेतली, थापली, कड काढली. हात बापाचाच.
'इथे एक पडकं घर.
इथे तुतीची झाडं, शेंडे उडालेली.
इथे'
इथे त्याने काही ठेवलं नाही,
बोट टेकवलं आणि उचललं.
'निफाडचा होता. सावळाराम. कांदा कच्चा खायचा.'

तो खळगा काकांनी बुजवला नाही.
मी विचारलं, या मापात माणूस केवढा होईल?
काकांनी नखावर मोजलं. 'तांदळाच्या दाण्याएवढा.'

निघता निघता यादवने चिंधी मागितली,
नदीतली नीळ टिपायला लागला.
'एवढं पाणी नव्हतं, बापू. गुडघ्याइतकंच.'

संध्याकाळी त्याने ताटातला भात बाजूला सारला.
काकूला वाटलं पोट बिघडलंय, तिने ओवा दिला.
त्याने तो मुकाट चावला.

मंगळवारी नवी तुकडी आली. काठी फिरली.
सेनियो दहा मिनिटांत ओलांडून झाली.
नदी उथळ कशी झाली,
कुणी विचारलं नाही.