अकरा फ्रेम

दानिलो बार्रीया खेकडे उकडतो
पुंता अरेनासच्या धक्क्यावर, रात्रपाळीत.
सकाळी सातला हातमोजे उतरवतो,
बाहेर अजून काळोखच,
बोटं वाफेने सुरकुतलेली,
आणि त्याच बोटांनी, अंघोळीच्याही आधी,
जॉयस्टिक धरतो.

समोर सांतियागोचा कोणीतरी. कधी लीमाचा.
एकदा माद्रिदचा होता, पण ती लढत नव्हती,
तो पत्रव्यवहार होता.

उत्तरेकडे जाणारी केबल समुद्राच्या तळाशी पडून असते.
तिला वारा लागत नाही हे त्याला ठाऊक आहे.
तरी पत्रे वाजायला लागले की म्हणतो,
आज पिंग चढणार.
एकशे ऐंशी मिलिसेकंद.
म्हणजे अकरा फ्रेम.
म्हणजे लाथ दिसते तेव्हा
ती लागून गेलेली असते.
वरातीमागून घोडं, तसा त्याचा ब्लॉक.

म्हणून तो न बघता अडवायला शिकला.
हालचाल नव्हे, सवय वाचायला:
हा पडला की उठता उठता उडी मारतो.
हा घाबरला की पकडायला धावतो.
हा दोनदा थांबला तर तिसऱ्यांदा थांबत नाही,
याच्या घरी बहुधा कोणीतरी जेवायला हाक मारतंय.
लाथ निघायच्या आधी दानिलोचा हात वर.
सहा वर्षांत तो प्रांतात पहिला
(प्रांतात किती जण खेळतात, ते विचारू नका).
हरलेले म्हणतात, दक्षिणेचा लॅग, रडीचा डाव,
आणि अर्ध्या लढतीत निघून जातात.
त्यांचा पहिलवान पडद्यावर तसाच उभा,
छाती वरखाली करत,
त्याला कोणी कळवलेलं नसतं.

शनिवारी नोल्फा येते, थोरली बहीण,
विमानतळाची व्हॅन चालवते.
ती कच्चा लिंबू.
दोन्ही तळहातांनी सगळी बटणं एकदम दाबते,
पहिलवानांना मावश्यांची नावं ठेवते,
आणि जिंकली तर दानिलो म्हणतो,
हा डाव धरायचा नाही.

हिवाळ्याच्या बोनसचं त्याने तिकीट काढलं.
सांतियागो, शाळेचं बास्केटबॉलचं मैदान,
घामाचा आणि तळलेल्या पिठाचा वास.
एक पडदा, दोन खुर्च्या.
समोर आमारो, वय सोळा.
दोघांच्या मध्ये सगळ्यात लांब तार
त्याच्या दातांवरची.

आणि दानिलोने लाथ अडवली.
मग अडवणं सोडलं.
मग लाथ आली.

पुन्हा तेच. पुन्हा.
त्याचे हात अकरा फ्रेम पुढच्या गावात राहत होते,
आणि तिथे अजून कोणीच पोचलं नव्हतं.
दोन-शून्य.
पोराने हात मिळवला, नीट, अदबीने,
म्हणाला, “काका, तुम्ही कुणाशी खेळत होता?”

परतीला विमानतळावर व्हॅन.
नोल्फाने आरशातून पाहिलं. “काय रे, हर—”
“हरलो,” तो म्हणाला.
“हरकत नाही ना, विचारत होते,
बॅग मागे टाकली तर.”

बराच वेळ नुसता वारा.
मग त्याला आठवलं, इसाबेल निघून गेली त्या दिवशीही
ती दारात काहीतरी बोलायला लागली होती,
आणि तो आधीच म्हणाला होता, “जा.”
काय बोलणार होती कोण जाणे.
कदाचित नुसतं, दूध उतू जातंय.

रात्री सोफ्यावर दोघं.
एकच टीव्ही, एकच उशी, तीही नोल्फाकडे.
तो तिची सवय शोधू लागला.
तिला सवयच नाही.
पुढे काय होणार
ते तिलाही तेव्हाच कळत होतं.
मग त्याने शोधणं सोडलं
आणि पडद्याकडे पाहिलं, नुसतं,
बऱ्याच वर्षांनी.

तेओलिंदा मावशीने पाय उचलला.
लाथ निघाली.
दिसली.
लागली.

“हे कुठल्या बटणाने झालं?” नोल्फा ओरडली,
आणि पुन्हा सगळी दाबली.